हौशी गोठ्याचा दिनक्रम

इंग्रजीत ज्यास 'हॉबी फार्म' म्हणतात त्यास मराठीत रुळलेला शब्द नाही, आणि तो नसण्याचे कारणही उघड आहे. आपल्याकडे गाईम्हशी बाळगणारा मनुष्य बहुधा त्यांवर उपजीविका करणारा असे. हौस असावयाची ती घोड्याची, शर्यतीच्या बैलांची किंवा कबुतरांची. दुभत्या गाईला कोणी हौस म्हणत नसे. अलीकडे मात्र चित्र पालटले आहे. पुणे, बंगळूर, हैदराबाद, कोइमतूर, भोपाळ अशा शहरांच्या वेशीवर अर्ध्या-एक एकराचा तुकडा घेऊन एखादी गाय, तीन-चार शेळ्या आणि डझनभर कोंबड्या पाळणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. त्यांचा चरितार्थ नोकरीवर, धंद्यावर किंवा निवृत्तिवेतनावर चालतो. दूध आणि अंडी ही त्यावरची साय. ह्या लेखापुरते आपण अशा जागेस 'हौशी गोठा' म्हणू.

हौस ही मालकाची असते. गाईला तिची वार्ता नसते. तिच्या पोटातील जीवव्यापार, कोंबडीच्या अंगातील कवच घडविण्याचे काम, शेळीच्या रक्तावर जगणारे जंत, ह्यांपैकी कशालाच रविवारची सुटी ठाऊक नाही. उपजीविकेसाठी ठेवलेल्या जनावराला बहुधा उपासमार आणि अतिश्रम ह्यांचे भय असते. हौशी गोठ्यातील जनावराला भय असते ते निराळ्याच गोष्टीचे, म्हणजे लाडांचे. आमच्या मते हौशी गोठ्यातील बरीचशी दुखणी दयाबुद्धीतूनच उद्भवतात; आणि ती टाळण्यास औषधांच्या पेटीपेक्षा रोजच्या कामांमागील कारणे ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते.

पहाटेचे पहिले काम वैरण टाकणे हे नव्हे. पहिले काम पाहणे हे होय. वैरणीचा भारा दिसताच सारी जनावरे उठतात, माना ताणतात आणि निरोगी व आजारी ह्यांतील फरक क्षणभर झाकला जातो. म्हणून हात रिकामे ठेवून आधी दोन मिनिटे गोठ्याच्या दाराशी उभे राहावे. गाय बसली असल्यास रवंथ करीत आहे काय? तिचे मुस्कट ओलसर आहे काय? रात्रीचे शेण नेहमीसारखे पडले आहे काय? शेळ्यांच्या लेंड्या सुट्या व घट्ट आहेत, की पातळ होऊन शेपटीला चिकटल्या आहेत? कळपापासून दूर, कोपऱ्यात तोंड करून कोणी उभी आहे काय? जनावराच्या शरीराचे तापमान मनुष्याहून थोडे अधिक असते. गाईचे सुमारे ३८.५ अंश सेल्सियस, शेळीचे ३९ अंशांच्या आसपास आणि कोंबडीचे ४१ ते ४२ अंश. तेव्हा गाईचे अंग आपल्या तळहाताला कोमट लागले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र कान गार पडले असतील आणि तिने खाणे टाकले असेल तर तापमापक गुदद्वारी लावून खात्री करून घ्यावी.

त्यानंतर धार. 'पान्हा' हा आपल्या भाषेतील शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीने मोठा नेमका आहे. कासेतील दूध हे मडक्यातील पाण्याप्रमाणे तळाशी साठलेले नसते. त्याचा पुष्कळसा भाग असंख्य सूक्ष्म पिशव्यांत अडकलेला असतो, आणि गाय 'सोडील' तेव्हाच तो खाली उतरतो. वासराने ढुसण्या दिल्या, कास कोमट पाण्याने धुतली, ओळखीच्या बादलीचा आवाज झाला, म्हणजे ती वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूस पोहोचते आणि पियूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. ते कासेत पोहोचले की सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात व दूध सडांत येते. ह्या संप्रेरकाचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो. म्हणून धार एकदा सुरू केली की पाच ते सात मिनिटांत पुरी करावी. मध्येच दूरध्वनी घेण्यासाठी उठू नये. उलट पक्षी गाय बिचकली, तिला कुत्रा भुंकला वा पाहुण्यांनी छायाचित्रासाठी गलका केला, तर ॲड्रेनलिन हे दुसरे संप्रेरक उसळते आणि पान्हा अडतो. देशी गाई तर वासरू जवळ नसल्यास पुष्कळदा पान्हाच सोडीत नाहीत. पूर्वी ह्यावर 'फुका' नावाचा क्रूर उपाय करीत असत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने तो गुन्हा ठरविला. आज काही ठिकाणी ऑक्सिटोसिनची सुई रोज टोचण्याचा प्रकार चालतो, तो त्याचाच धाकटा भाऊ समजावा.

पहिल्या दोन-चार चिळकांड्या बादलीत न घेता काळ्या फडक्याने झाकलेल्या वाटीत घ्याव्यात. पांढऱ्या दुधातील पांढऱ्या गाठी डोळ्यांस दिसत नाहीत. काळ्या फडक्यावर त्या उठून दिसतात. अशा गाठी म्हणजे कासदाहाची, खेड्यांतील भाषेत 'दगडी'ची, पहिली खूण. धार संपल्यावर गाईपुढे वैरण टाकण्याची जुनी चाल आहे, आणि तिच्यामागे चांगले कारण आहे. सडाचे छिद्र धार काढल्यानंतर अर्धा तासपर्यंत पुरतेपणी मिटत नाही. त्या वेळात गाय शेणामुतात बसली तर जंतूंना आत जाण्यास दार उघडे मिळते. पुढे वैरण असली म्हणजे ती उभी राहते.

हौशी गोठ्याच्या मालकास कित्येकदा एक साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते. गाय व्याली नाही तर दूध नाही. नऊ महिने व नऊ-दहा दिवस गर्भ वाहून ती विते, मग काही महिने दूध देते, मग आटते. शेळीचा काळ याहून आखूड, सुमारे दीडशे दिवसांचा. म्हणजे ज्याने दुधाची हौस धरली त्याने बाळंतपणाची, आणि जन्मास येणाऱ्या प्रत्येक पिल्लाच्या पुढील आयुष्याची जबाबदारीही धरली.

ह्या जबाबदारीतील सर्वांत निर्वाणीचे तास म्हणजे जन्मानंतरचे पहिले सहा. मनुष्याच्या अर्भकास आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भाशयातच वारेतून मिळालेली असतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्यांच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्या थरांतून प्रतिपिंडांना पलीकडे जाता येत नाही. वासरू किंवा करडू जन्मते ते रोगांपुढे जवळजवळ निःशस्त्र. त्याची सारी शस्त्रे चिकात असतात. नवजात पिल्लाच्या आतड्याचे अस्तर ही मोठ्या आकाराची प्रतिपिंडे सबंधच्या सबंध रक्तात घेऊ शकते. परंतु हे दार तासागणिक मिटत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ बंद होते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोट भरतो; रक्तात तो शस्त्रे पोहोचवू शकत नाही. साधारण प्रमाण असे की पिल्लाच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटी जावा, आणि त्यातील निदान निम्मा पहिल्या काही तासांत. वीस-पंचवीस किलोच्या वासराला दोन ते अडीच लिटर, दोन-अडीच किलोच्या करडाला पाव लिटर.

येथे दोन आड येणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली देशात अनेक ठिकाणी आढळणारी समजूत, की जार पडेपर्यंत वासराला आचळास लावू नये. जार पडण्यास आठ ते बारा तास लागणे स्वाभाविक आहे. तेवढ्यात वासराचे ते दार अर्धेअधिक मिटलेले असते. वस्तुतः वासरू ओढू लागले की तेच ऑक्सिटोसिन गर्भाशयाच्याही स्नायूंना आवळते व जार सुटण्यास मदतच होते. जार लोंबत असल्यास ती ओढू नये व तिला दगडही बांधू नये. बारा तास उलटले तर पशुवैद्यास बोलवावे. दुसरी आड येणारी गोष्ट गोड आहे. खरवस! गाय व्याल्याची वार्ता कळताच नातेवाइकांच्या वाट्या पुढे होतात. पहिल्या धारेच्या चिकाचा खरवस सर्वांत घट्ट होतो हे खरे, परंतु तो घट्ट होतो तो ज्या प्रथिनांमुळे त्यांतच वासराची प्रतिपिंडे असतात. वासराचे माप आधी मोजून पाजावे आणि उरेल त्याचा खरवस करावा. चांगली गाय एका वासरास लागेल त्याहून अधिक चीक देते, त्यामुळे सहसा कोणालाच उपाशी राहावे लागत नाही. शेजारी दुसरी गाय असेल तर थोडा चीक बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. एखादी आई पिल्लू सोडून मेली तर तो अमूल्य ठरतो. मात्र तो वितळवावयाचा कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात त्याचा खरवसच होईल.

कोंबड्यांचा संसार ह्यामानाने सुटसुटीत. अंडे घडण्यास कोंबडीला सुमारे पंचवीस तास लागतात, आणि त्यांतील वीसएक तास केवळ कवच चढविण्यात जातात. पंचवीस तासांचे हे चक्र चोवीस तासांच्या दिवसात बसत नाही. म्हणून अंडे रोज थोडे उशिरा पडते व दुपार कलू लागली की कोंबडी एक दिवस खाडा करते. ती आळशी झाली असे नव्हे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कवचाचे बरेचसे काम रात्री, पोटात दाणा नसताना, चालते. त्यासाठी कोंबडी प्रसंगी स्वतःच्या हाडांतील साठा उपसते. शिंपल्यांची वा चुनखडीची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी. जिला हवी ती खाईल, बहुधा संध्याकाळी. लहान खडेही हवेत, कारण कोंबडीला दात नाहीत आणि दाणा भरडण्याचे काम तिच्या पोटातील पेषणीत त्या खड्यांनीच होते. हिवाळ्यात दिवस लहान झाले की अंडी घटतात. पक्ष्यांचे प्रजनन दिवसाच्या लांबीवर चालते, चौदा ते सोळा तासांचा उजेड मिळाल्यास ती पुन्हा वाढतात, आणि व्यापारी कुक्कुटशाळेत ह्यासाठी दिवे लावतात. डझनभर कोंबड्यांच्या खुराड्यात दिवा लावणे आम्हांस अनावश्यक वाटते. त्यांना ती विश्रांती असू द्यावी.

जात कोणती घ्यावी हा प्रश्न हौशी माणूस पहिला विचारतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, किंवा बंगळूरच्या गिरिराजा, ह्या जाती परसात हिंडून पोट भरण्यासाठी व अधिक अंड्यांसाठी घडविलेल्या आहेत. निव्वळ देशी कोंबडी अंडी थोडी देते, परंतु ती खुडूक बसते आणि एकवीस दिवसांत स्वतःची पिल्ले स्वतः काढते. हे पाहणे ज्याची हौस असेल त्याने देशी घ्यावी. कोणतीही घेतली तरी एक लस चुकवू नये. खेड्यांत ज्यास 'मानमोडी' म्हणतात तो रोग जगभर 'न्यूकॅसल' ह्या इंग्लंडमधील शहराच्या नावाने आणि भारतात कुमाऊँमधील राणीखेत ह्या गावाच्या नावाने ओळखला जातो. दोन्हीकडे तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदला गेला. न टोचलेल्या कळपात शिरल्यास दोन-चार दिवसांत सबंध खुराडे रिकामे करतो. पिल्लू पाच-सात दिवसांचे असता थेंबांची, आणि दोन महिन्यांचे झाल्यावर सुईची, अशी त्याची लस सर्वत्र मिळते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावयाचा तिच्याकडे वळू. गाय आणि शेळी स्वतःचे अन्न स्वतः पचवीत नाहीत, असे म्हटले तर वाचकास नवल वाटेल. कडब्यातील तंतू पचविणारा रस कोणत्याच सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही. ते काम गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, राहणारे जिवाणू, आदिजीव व बुरशी करतात. थोराड गाईचे कोटीपोट शंभर लिटरांहून अधिक मावेल एवढे असते, आणि त्यातील रसाच्या एका मिलिलिटरात जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात जाते. मालक वैरण टाकतो ती खरे पाहता ह्या अदृश्य वस्तीला. ती वस्ती तंतू आंबवून जी मंद आम्ले सोडते त्यांवर गाय जगते, आणि पुढे वाहत गेलेल्या जिवाणूंचे शरीर हेच तिचे मुख्य प्रथिन होते. ही आम्ले साचू नयेत म्हणून गाय दिवसातील सहा-आठ तास रवंथ करते. प्रत्येक घासाबरोबर सोड्यासारखे क्षार असलेली लाळ खाली जाते. मोठ्या गाईची ही लाळ दिवसाकाठी शंभर लिटरांहूनही अधिक भरते. अशा रीतीने कोटीपोटाचा सामू सहा ते सात ह्या दरम्यान टिकून राहतो. तंतू पचविणाऱ्या जिवाणूंना त्याहून आंबट पाणी मानवत नाही.

ह्या वस्तीत एकदम पिष्ट आणि साखर येऊन पडली तर काय होते ते पाहा. पोळी, भात, गूळ, पुरण, दळलेले पीठ ही आपल्याला पौष्टिक वाटणारी अन्ने लाळेची गरज न लागता, रवंथ न होता, थेट आंबू लागतात. पिष्टावर झपाट्याने वाढणारे जिवाणू काही तासांत इतर सर्वांवर मात करतात आणि लॅक्टिक आम्ल बनवू लागतात. ते कोटीपोटातील नेहमीच्या आम्लांहून कितीतरी तीव्र असते. सामू पाचाच्याही खाली घसरतो. उपयोगी जिवाणू व आदिजीव मरतात, पोटाची हालचाल थांबते, रवंथ बंद पडतो आणि त्याबरोबर लाळही. पोटातील पाणी एवढे दाट झालेले असते की ते शरीरातील द्रव आत ओढून घेते. पोट डबडबते आणि जनावर मात्र आतून सुकते. डोळे खोल जातात, आंबूस वासाची पातळ हगवण लागते, ते दात खाते, झोकांड्या देते. कोटीपोटाचे अस्तर जळून तेथून जंतू रक्तात शिरतात. उपचार वेळेवर न झाल्यास एक-दोन दिवसांत गाय दगावते. जी वाचते तिच्या खुरांत पुढे महिनोन् महिने दाह राहतो.

हे सारे बहुधा सणाच्या दुसऱ्या दिवशी घडते. महाराष्ट्रात पोळ्याला बैलांस पुरणपोळी, वसुबारसेला गाईस गोडधोड, तमिळनाडूत मट्टू पोंगलला गूळतांदळाचा पोंगल, उत्तरेत गोपाष्टमीला पुरी आणि लाडू. भाव शुद्ध, परंपरा सुंदर; त्यांत दोष काढण्याचे कारण नाही. कष्टाच्या बैलाला घरच्या बाईने एक पुरणपोळी भरविली तर त्या शंभर लिटरांच्या हंड्यात तिचा पत्ताही लागत नाही. हौशी गोठ्यात हिशेब निराळा होतो. आजूबाजूच्या वसाहतीत एवढी एकच गाय. सकाळपासून वीस घरांतील वीस ताटे तिच्यापुढे येतात, आणि तीस-चाळीस पोळ्या, सोबत भात व गूळ, तिच्या पोटी जातात. मालकास नाही म्हणणे अवघड वाटते. लग्नकार्यात उरलेला भात गोणी भरून आणून टाकणारेही असतात. अन्न वाया गेले नाही ह्या समाधानात ते घरी जातात. शेळीचे पोट लहान, त्यामुळे तिला तर रात्री दावे सोडवून मक्याच्या गोणीत तोंड घालणेही पुरते.

उपाय सोपा आहे, फक्त तो सणाच्या आधी ठरवावा लागतो. गोठ्याच्या दाराशी हिरव्या चाऱ्याच्या मूठमूठ जुड्या बांधून ठेवाव्यात आणि येणाऱ्या प्रत्येकास नैवेद्याचा घास गव्हाणीजवळच्या ताटात व जुडी गाईच्या तोंडी द्यावयास सांगावे. ताटातील एक-दोन पोळ्या गाईस, उरलेले माणसांस. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलेले काहीही पिशवीसकट पुढे ठेवू देऊ नये. कोटीपोटात गेलेली पिशवी पुढे सरकत नाही, तेथेच गुंडाळत बसते. रोजच्या खुराकातही हाच नियम. चारा किंवा पेंड बदलावयाची तर दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी बदलावी, म्हणजे त्या अदृश्य वस्तीला नव्या अन्नाची सवय होते. कोवळा ओला लसूणघास किंवा बरसीम उपाशी पोटी भरपूर टाकल्यास वेगळेच संकट येते. वायू फेसात अडकतो, ढेकर येत नाही आणि डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते. आधी कडबा, मग ओला घास. आणि पोट बिघडलेल्या जनावराला बांबूच्या नळकांड्याने, मान वर ओढून, घाईघाईने तेल वा काढा पाजू नये; तो श्वासनलिकेत उतरला तर पोटाच्या दुखण्यावर फुप्फुसाचे दुखणे चढते.

शेण काढणे हे काम कोणाला आवडत नाही, परंतु त्याचे वेळापत्रक घरमाशीने ठरविलेले आहे. उन्हाळ्यात माशीच्या अंड्याची माशी होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून दोनदा शेण उकिरड्यात नेऊन झाकले तर तिची एकही पिढी पुरी होत नाही. एका गाईचे शेण दिवसाला सुमारे दहा किलो. त्यावर गोबर-वायूची चूल पेटविण्याचे स्वप्न अनेकजण पाहतात. एक घनमीटर वायूला रोज सुमारे पंचवीस किलो शेण लागते, हा हिशेब संयंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी मांडलेला बरा. एका गाईच्या शेणाचे उत्तम खत होते. इंदूर येथे १९२० च्या दशकात आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी सिद्ध केलेली, शेण व काडीकचरा ह्यांचे थर देऊन ढीग उलटापालटा करण्याची पद्धत आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून चालते. ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, आणि त्या उष्णतेत तणांचे बी व पुष्कळसे रोगजंतू मरतात. गोठ्याच्या भिंतींतील भेगाही ह्याच फेरीत बुजवाव्यात. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड खाली पडते आणि भेगेत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते. अंगावर औषध चोळून भिंत तशीच सोडणे व्यर्थ आहे.

शेळ्यांना पहाटे दवात चरावयास सोडू नये. त्यांच्या पोटात राहून रक्त पिणाऱ्या जंतांच्या अळ्या ओल्या पात्यांवर चढून बसतात व ऊन तापले की खाली उतरतात. शेळी स्वभावतः झुडपांचा पाला खाणारी आहे. उंचावरच्या पाल्यावर ह्या अळ्या नसतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक शेळीची खालची पापणी अंगठ्याने उलटून पाहावी. आत लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी वा पांढरी असेल तर तीच शेळी औषध मागत आहे. दक्षिण आफ्रिकेत ह्या रंगपरीक्षेचा एक तक्ताच तयार करण्यात आला आहे. सर्वांना दरमहा सरसकट जंतनाशक पाजणे ही पुन्हा लाडाचीच एक तऱ्हा. त्यातून औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. लसींत मात्र कंजूषपणा नको. शेळ्यांचा प्लेग म्हणजे पी. पी. आर. हा रोग १९४२ साली पश्चिम आफ्रिकेत प्रथम वर्णिला गेला व भारतात १९८७ साली तमिळनाडूत आढळला. त्याचाच चुलतभाऊ असलेला गुरांचा बुळकांडी रोग लसीच्या बळावर जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले आहे.

कच्चे दूध 'नैसर्गिक' म्हणून पिण्याची टूम हौशी मंडळींत आढळते. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस ह्यांनी सैनिकांना महिनोन् महिने छळणाऱ्या तापाचा जंतू शोधला. तो येतो कोठून ते १९०५ मध्ये थेमिस्तोक्लीस झामित ह्यांनी दाखवून दिले. बेटावरील दिसण्यास धडधाकट शेळ्यांच्या दुधातून तो येत होता. सैनिकांना ते दूध बंद करताच ताप ओसरला. तो ब्रुसेला जंतू आपल्याकडेही आहे. दूध उकळून प्यावे, गर्भ गाभडलेल्या जनावराची जार उघड्या हाताने उचलू नये, आणि कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस एकदा टोचून घ्यावी.

राहिला नरांचा प्रश्न, ज्याविषयी हौशी माणूस बोलण्याचे टाळतो. खुडूक कोंबडीखाली दहा पिल्ले निघाली तर त्यांतील निम्मी सरासरीने कोंबडे असतात. चार महिन्यांनी ते एकमेकांशी झुंजू लागतात. करडांत निम्मे बोकड, वासरांत निम्मे गोऱ्हे. दूध व अंडी हवीत आणि नर नकोत, असा सौदा निसर्गाशी होत नाही. गाईपुरता अलीकडे एक मार्ग निघाला आहे. लिंगनिहाय वेगळे केलेले वीर्य वापरल्यास सुमारे नव्वद टक्के कालवडी होतात. शेळ्याकोंबड्यांत मात्र खाणे, विकणे किंवा जन्मभर पोसणे ह्यांपैकी एक निवडावेच लागते. ते अंडी उबवण्यास ठेवण्यापूर्वी ठरवावे. मुलांनी पिल्लास नाव ठेवल्यावर ठरविणे फार कठीण जाते, आणि रात्रीच्या अंधारात दुसऱ्या गावच्या वेशीवर कोंबडा सोडून येणे हा निर्णय नव्हे.

दिवस मावळताना कोंबड्या आपण होऊन खुराड्याकडे वळतात. त्यांचा पूर्वज, आपल्या अरण्यांतील तांबडा रानकोंबडा, रात्री झाडावर झोपतो; अंधारात त्यास दिसत नाही. म्हणून खुराड्यात आडवी दांडी हवी, आणि प्रत्येकीची मोजणी होऊन दाराला कडी हवी. मुंगूस व रानमांजर ह्यांना बोटभर फटही पुरते. आत दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या पोटात उद्याच्या कवचाचे काम सुरू झालेले असते.

झोपण्यापूर्वीची शेवटची फेरी बॅटरी न पेटविता करावी. गाय बसलेली असते. दर मिनिटाला गळ्यातून एक गोळा वर येतो, जबडा तालात चालतो, मग गोळा खाली जातो व क्षणभर थांबून दुसरा वर येतो. हा आवाज ऐकू आला की झोपावयास जावे. तो ऐकू येत नसेल, गाय उभीच असेल आणि डावी कूस नेहमीपेक्षा वेगळी दिसत असेल, तर दिवसभरात तिच्या पोटी काय काय गेले ते आठवून कागदावर लिहून काढावे आणि पशुवैद्यास कळवावे. अनेक राज्यांत फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. फोनवर सर्वांत आधी हे सांगावे, की रवंथ किती वाजल्यापासून बंद आहे.